बिनपथ्याचे वॉन्टन

तिनं कढईत तेल ओतलं ते थेट अर्ध्यापर्यंत, आणि टेबलापाशी वॉन्टन भरत बसलेल्या नवऱ्याचे हात थांबले.

“अगं, तळणार आहेस?”

“मग काय नुसते बघत बसू?”

तो हाडाचा शिंपी. मैद्याच्या पातळ पारीत कोबी-गाजराचं सारण ठेवून अशी मुरड घालायचा, की कढईत एकही उसवत नसे. पण किडनी बिघडल्यापासून तिनं डोळ्यांत तेल घालून त्याचं तेल-मीठ सांभाळलं होतं. वॉन्टन ओव्हनमध्ये भाजलेले, सोया सॉसला घरात बंदी, आणि बशीत दोनच. “यापेक्षा पुठ्ठा बरा,” तो म्हणायचा, आणि तिची पाठ वळली की तिसरा उचलायचा. मग ती ओरडायची. वर्षभर हाच खेळ चालला होता.

आज सकाळी दवाखान्यात तो औषधांच्या खिडकीपाशी उभा असताना डॉक्टरबाई तिला हळूच म्हणाल्या होत्या, “आता पथ्य राहू द्या. त्यांना आवडेल ते करून घाला.”

बाहेर येऊन तिनं त्याला सांगितलं, “रिपोर्ट सुधारलेत.” खरं काय ते त्याला कळता कामा नये, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं.

वॉन्टन खरपूस तळले गेले. बाजूला वाटीभर सोया सॉस. पहिला त्यानं डोळे मिटून कुरुमकुरुम खाल्ला.

“आता कसं! याला म्हणतात खाणं.”

दुसरा संपला. तिसरा त्यानं मुद्दाम तिला दिसेल असा उचलला. ती गॅस पुसत राहिली. चौथा सॉसमध्ये बुडवून तो तसाच हातात धरून थांबला.

“ओरडत नाहीस?”

तिच्या हातातलं फडकं जागच्या जागी राहिलं.

“पुरे झालं आता!” ती घाईघाईनं ओरडली. “मैदा, तेल, वर त्या सॉसचं मीठ! अंगी लागेल असं काही आहे का त्यात? जिभेचे चोचले किती पुरवायचे माणसानं...” शेवटी आवाज फुटलाच.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग हातातला वॉन्टन त्यानं खाली ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि बशी तिच्या बाजूला सरकवली.

“बस. तू खा.”

“मी खाईन नंतर.”

“नंतर नाही, माझ्यासमोर खा,” तो म्हणाला. “एकटी असलीस की जेवत नाहीस तू.”