मधला पट्टा

बालकल्याण कचेरीच्या मागच्या आवारात गाडी उभी होती. मागच्या सीटवर लहान मुलाची खुर्ची ठेवून आजीने तिच्यात गुडघा रोवला आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून पट्टा खेचला.

"अजून," बाहेरून आजोबा म्हणाले.

"अजून कुठून आणू? हाडंच उरलीत आता."

तिने गुडघा काढला, आणि खुर्ची पुन्हा डोलायला लागली. पाण्यातल्या होडीसारखी.

"नाही हो आजी," अधिकारी बाई म्हणाल्या. वयाने लेकीएवढ्याच असतील. "इंचभर हलली तर चालतं. ही तर झोके घेतेय. आणि तिसऱ्या खुर्चीचं काय? मधे पट्टाच दिसत नाही."

आजीने वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत मोठी नात उभी होती. तिला घरात सगळे फौजदार म्हणत. आठ वर्षांची, पण धाकट्यांवर तिची नजर दारोग्यासारखी. कडेवर तान्ही, आणि शेजारी खिडकीच्या काठावर नाक टेकलेला चार वर्षांचा भुंगा. सदानकदा गुणगुणतो म्हणून भुंगा. आज त्याचे ओठ मिटलेले होते.

जावई तान्ही पोटात असतानाच गेला. आता लेक दवाखान्यात, पाठीच्या ऑपरेशननंतर आडवी. ती कधी उठून बसेल ते डॉक्टरही सांगेनात. तोवर मुलं आजीआजोबांकडे द्यायला बाईंची ना नव्हती. पण घर वस्तीबाहेर, शाळा आणि दवाखाना लांब, सगळं गाडीवर अवलंबून. म्हणून अट एकच: तिन्ही मुलं एका गाडीत, ज्याच्या त्याच्या खुर्चीत, घट्ट. खुर्च्या कचेरीनेच दिल्या होत्या. आज संध्याकाळपर्यंत जमलं नाही, तर मोठी एका घरी जाणार होती आणि धाकटी दोघं दुसऱ्या घरी, दुसऱ्या शहरात. ती दोन्ही कुटुंबं पुढच्या खोलीत येऊन बसलीही होती. चांगली माणसं दिसत होती, आणि आजीला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

"मी तान्हीला मांडीवर घेते," ती म्हणाली. "हिच्या आईला दवाखान्यातून मांडीवरच आणलं होतं. आमच्या लहानपणी तर काकांच्या गाडीत अकरा जणं असायचो. मुलं म्हणजे काय, वळकट्यांच्या फटीत कोंबायची. कोणाच्या बोटात कोणाची वेणी, तोंडात लिंबाची फोड. काही झालं नाही आम्हाला."

"तुम्हाला नाही झालं," बाई हळूच म्हणाल्या. "ब्रेक लागला की गाडी थांबते, आजी. मांडीवरचं मूल थांबत नाही. कोणाच्याच हातांत तेवढा जोर नसतो."

आजीने हात पुढे धरून पाहिले. हात तिचेच होते. त्यांच्याबद्दल असं कोणी आजवर बोललं नव्हतं.

बाईंनी सीटवर तळवा दाबला. तो मऊ लोण्यात रुतावा तसा आत गेला. "ही सीट कंपनीची नाही वाटतं."

"कंपनीची?" आजोबांचा आवाज चढला. त्यांचा सगळा जन्म सोफे आणि गाड्यांच्या गाद्या शिवण्यात गेला होता. "कंपनीच्या सीटवर माणूस बसतो. माझ्या सीटवर माणूस विसावतो. दुहेरी फोम, दोन्ही बाजूंना उशा, कडेची शिवण बघा, एक टाका तिरका दाखवा! तुमच्या खुर्च्याच पत्र्याच्या डब्यासारख्या, त्यांना बसायची अक्कल नाही."

"अहो, हळू. माणसं बघतायत."

"बघू देत."

बाई घड्याळाकडे बघून आत गेल्या. आजोबांनी दुसरी खुर्ची उचलली, तिरकी केली, उलटी केली. कडेच्या उशांमुळे तिन्ही खुर्च्या शेजारी शेजारी मावत नव्हत्याच. त्यांनी तिला एक गुद्दा मारला. मग बोनेटला टेकून उभे राहिले आणि चष्मा पुसत बसले, पुसून झाला तरी.

आजी सीटवर तशीच बसून राहिली. किती वर्षं ती या सीटवर विसावली होती! पुढे हे, मागे ती, शेजारी भाजीच्या पिशव्या. लेक लग्न होऊन गेली त्याच वर्षी त्यांनी ही सीट शिवली. 'मागे आता दोघंच बसणार, मधे कोण येतंय?' असं म्हणत मधला खळगा भरून टाकला होता. खळगा. तिचा हात जागच्या जागी थांबला.

"अहो, मूळची सीट टाकून दिलीत का?"

"टाकायला वेडा आहे का मी? तिच्यावरच चढवलंय सगळं."

"मग मधला पट्टा?"

आजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कापला असेल. मधे येत होता. मी तेव्हा धडाधड कापत असे."

"नाही कापलात."

"तुला काय ठाऊक?"

"माझ्याकडे चिंधी मागितलीत तुम्ही. मी लेकीच्या निळ्या फ्रॉकची दिली. पुसायला मागितलीत म्हणून मी कुरकुरले होते, चांगला फ्रॉक होता. तर म्हणालात, पुसायला नाही, गुंडाळायला."

"मला नाही आठवत."

"तुम्हाला लग्नाची तारीख आठवत नाही. उसवा."

त्यांनी सीटकडे पाहिलं. डिकीतून हत्यारांची पिशवी आणली, लहान धारदार सुरी काढली, कडेच्या शिवणीवर टेकवली, आणि हात तिथेच राहिला. वरून काचेवर टकटक झाली. फौजदार बोटाने खाली खूण करत होती: कचेरीच्या मागच्या दाराशी ती दोन्ही कुटुंबं येऊन उभी राहिली होती.

"अहो!"

पहिला टाका तुटला तसा आजोबांच्या तोंडून आवाज निघाला, काटा भरल्यासारखा. मग मात्र ते थांबले नाहीत. शिवण टराटर उसवत गेली, रेक्झिन सोललं गेलं, फोमचे पिवळे थर आजी दोन्ही हातांनी ओढून बाहेर फेकत राहिली. तिची नखं मोडली. मधल्या जागेशी काहीच नव्हतं. नुसता फोम, वाळलेला डिंक, अजून फोम.

"कापलाच असणार," आजोबा पुटपुटले. "माझंच मेल्याचं..."

"बोलू नका. उसवा."

ती कोपरापर्यंत हात आत घालून चाचपत होती. धूळ, एक बटण, आणि मग सीटच्या सांध्यात खोल काहीतरी मऊ लागलं. तिने ओढलं. निळ्या कापडाची वळकटी होती, दोऱ्याने बांधलेली. आत कमरेचा पट्टा, दोन्ही टोकांसह, नव्यासारखा.

आजोबांनी दोरा तोडला आणि कापड खिशात घातलं.

मूळची सीट सपाट आणि कडक होती. बाईंनी बाहेर येऊन स्वतः वाकून तपासली, पट्टा झटके देऊन ओढून पाहिला. तान्हीची उलट्या तोंडाची खुर्ची डावीकडे, मधे त्या पट्ट्याने आवळलेली भुंग्याची, उजव्या दाराशी फौजदारची उंच बैठक, म्हणजे तिचा पट्टा तिला स्वतःला लावता येईल. प्रत्येक खुर्ची धरून बाईंनी गदागदा हलवली. गाडी हलली, खुर्च्या हलल्या नाहीत.

"न्या," त्या म्हणाल्या, आणि बाहेर पडलेल्या फोमच्या ढिगावर टेकल्या.

मुलं आली. फौजदारने दोघांचे पट्टे आपल्या हाताने चाचपले, मगच ती बसली. आणि तेव्हा लक्षात आलं की तान्हीच्या खुर्चीसाठी पुढची डावी सीट इतकी पुढे सरकवली होती की तिथे मांजरही बसलं नसतं.

"आजी कुठे बसणार?" भुंग्याने विचारलं.

"आजीला बसने यायची हौस आहे," आजी म्हणाली. "जा. आणि तुम्ही, हळू चालवा. शर्यत नाही लागलेली."

गाडी फाटकातून बाहेर पडली. खिडकीतून बारीक गुणगुण ऐकू आली, मग तीही वळणाआड गेली.

उसवलेलं रेक्झिन टाकवेना म्हणून आजीने त्याची गुंडाळी केली आणि बसमध्ये मांडीवर घेतली. वजनाला तान्हीएवढीच भरली असती. तिने दोन्ही हातांची मिठी घातली. हाताला त्यांचे टाके लागत होते, सगळे सरळ. कितीतरी दिवसांत असं काही मांडीवर घेऊन ती बसली नव्हती. तिचे डोळे मिटायला लागले.

पुढे सायकलवाला आडवा आला आणि बसने करकचून ब्रेक मारला. आजीचं कपाळ पुढच्या दांडीपाशी जाऊन थांबलं. हात मिठीतच होते, आणि मिठीत काही नव्हतं. गुंडाळी पार पुढे, ड्रायव्हरच्या पायऱ्यांशी जाऊन आदळली होती.

एका माणसाने ती उचलून आणून दिली. "आजी, घट्ट धरा ना."

"धरलीच होती," आजी म्हणाली.