सरजाकाकूचा जबाब

"तुमच्यापैकी किती जणांच्या घरात याआधी कुणी कॉलेजात गेलंय?" उदगीरच्या कॉलेजात पंचाक्षरी सरांनी वर्गात विचारलं, तेव्हा बेचाळीस मुलांत तीन हात वर झाले.

"मग बाकीच्यांनी पुस्तकातून उतरवून आणू नका," सर म्हणाले. "आपापल्या वस्तीत जा. बहात्तरच्या दुष्काळात काय घडलं, आता शहाऐंशीत काय चाललंय, माणसांना विचारा. ज्यानं सांगितलं त्याचं नाव लिहा, वय लिहा. नाव नसलं की ती नुसती गोष्ट होते."

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्यातल्या कॉलेजांचं शिबिर जूनमध्ये लातूरला भरणार होतं. निवडलेले अहवाल तिथं वाचायचे होते आणि ऐकायला अधिकारी येणार होते. सिंधु सोनकांबळे आणि तिची मैत्रीण शिवकांता यांनी जोडीनं काम घेतलं. शिवकांताचा बाप मलप्पा उदगीरच्या मोंढ्यात हमाली करायचा, म्हणून ती हमालांना विचारणार होती. सिंधु आपल्या गावी, जळकोट रस्त्यावरच्या खडकवाडीला, बौद्धवस्तीत जाणार होती. आपलीच माणसं, त्यात काय अवघड, असं तिला वाटलं होतं.

आठ दिवस कुणी तोंड उघडलं नाही.

सिंधु वही घेऊन दारात गेली की बाया आधी तिच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघत. "कुठं जाणार हाय हे?" असं विचारत. लातूरला, म्हटलं की कुणाला शेळी सोडायची आठवण होई, कुणाचं पोरगं रडत असे. खुद्द तिची माय सुमनबाई म्हणाली, "मला काई आठवत न्हाई बाई. तू परीक्षेचं वाच."

विचारायचं होतं ते तर रोज डोळ्यांसमोर होतं. बहात्तरच्या दुष्काळी कामात खोदलेली सरकारी विहीर गावाच्या तोंडाशी होती. वस्तीतल्याच माणसांनी ती खोदली होती. आता एक दिवसाआड टँकर येऊन त्याच विहिरीत पाणी सोडायचा. वस्तीतल्या बाया कठड्यापासून दहा पावलं लांब घागरी मांडून उभ्या राहायच्या. वरच्या आळीतलं कुणी शेंदून घागरीत ओतलं तर पाणी, नाही ओतलं तर तिरू नदीच्या कोरड्या वाळूत उकरलेला झिरा.

त्या झिऱ्यावरच नवव्या दिवशी सकाळी सरजाबाई बोलली. साठीची बाई, एकटीच राहायची. वस्ती तिला सरजाकाकू म्हणायची. वाटीनं घागर भरता भरता ती म्हणाली, "सगळ्यांना विचारायलीस. मला न्हाई विचारलंस."

"काकू, तुमाला त्रास नको म्हणून."

"काढ वही. मी जेवढं भ्यायचं तेवढं भिऊन झाले."

सिंधु वाळूत बसली. काकूनं सांगितलं ते तिनं जसंच्या तसं लिहून घेतलं.

"मपला मालक पंढरी, त्या हिरीत सुरुंगाची भोकं पाडायचा. बत्ती लावायच्या आदी शिट्टी वाजवायची, दोन्ही वाटंवर लाल झेंड्या धरायच्या, मग समद्यांनी लांब जायचं, असा कायदा होता. त्या दिशी पंढरी पहार इसरला म्हणून परत खाली उतरला. शिट्टी झाली न्हाई. उगवतीच्या वाटंवर झेंडी न्हवती. मुकादम साहेबराव होता. त्यानं बत्ती लावायला सांगितली. मला तिथून सोळा पावलांवर ठिवलं होतं, दगडं उचलायला. धुरळा बसल्यावर मी पंढरीचं धोतर वळखलं. कागदावर लिहिलं की पंढरीनं झेंडी बघून बी ऐकलं न्हाई, सोताच्या चुकीनं मेला. झेंडी न्हवतीच बाई. मी चवदा वर्सं मनात हेच म्हणत राहिले, पर कुणाला म्हणायचं?"

मुकादम साहेबराव आता गावचा सरपंच होता. रोजगार हमीच्या कामावर कुणाचं नाव चढवायचं तेही तोच ठरवायचा. लिहिताना सिंधुच्या बोटांना घाम आला. वहीचं पान ओलं झालं. तरी तिनं सरांनी सांगितल्याप्रमाणे नाव लिहिलं, वय लिहिलं.

तीन दिवसांनी साहेबराव वस्तीत आला. त्याला कुणी कधी वस्तीत आलेलं पाहिलं नव्हतं. निरोप पाठवला की माणसं त्याच्या दारात जात. त्यानं मोटारसायकल सिंधुच्या झोपडीपुढं लावली आणि बाजेवर बसला. आजूबाजूची दारं एकेक करून लागली. सुमनबाईनं तांब्या पुढं केला, त्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"सिंधुताई, वही लिहायलीस म्हणं," तो हसून बोलला. आजवर त्यानं तिला ताई म्हटलं नव्हतं. "चांगलंय. गावची पोरगी लातुरात वाचणार. आधी आम्हाला बघू दे. गावाची बदनामी व्हायला नको. उद्या दुपारपर्यंत घरी पाठव."

सिंधुचा बाप ग्यानोबा खडी फोडायच्या कामावरून नुकताच आला होता. तो कुडाला टेकून उभा होता. साहेबराव उठता उठता त्याला म्हणाला, "ग्यानोबा, तुला तर समदं ठावं हाय. तू त्या वक्ताला काय लिहून दिलतंस, ते सांगितलं का न्हाई पोरीला?"

मोटारसायकल निघून गेली तरी ग्यानोबा हलला नाही. मग एकाएकी आत गेला, सिंधुची वही उचलली आणि चुलीकडं वळला. सिंधुनं त्याचा हात धरला. बापाच्या अंगाशी झटापट करायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. वही तिनं ओढायच्या आधीच त्याच्या हातातून खाली पडली.

"बा, तुमाला तर लिहिता येत न्हाई. काय लिहून दिलं होतं?"

"अंगठा दिलता."

तो चुलीपुढं उकिडवा बसला. "उगवतीची झेंडी माझ्याकडं होती. साहेबराव म्हणला, मपल्या घरून मपली भाकर घेऊन ये, बत्तीला येळ हाय. मी झेंडी दगडात खोचून गेलो. खोचली होती का पडली, का कुणी उचलली, मला ठावं न्हाई. भाकर घेऊन परत निघालो आन् धडाका झाला. दुसऱ्या दिशी जमादार आला. साहेबरावानं सांगितलं, झेंडी धरली होती असं म्हण, न्हाईतर मरणाचा गुन्हा तुझ्यावर. मी अंगठा दिला. तू पाच वर्साची होतीस."

सुमनबाई दाराशी पाठमोरी उभी होती. तिला हे माहीत होतं, हे सिंधुला तिच्या पाठीवरूनच कळलं.

आठ दिवस वस्तीचं भय पाहून सिंधु मनातल्या मनात चिडत होती. आता तेच भय तिच्या हातापायांत उतरलं, आणि ते साहेबरावाचं नव्हतं. उद्या झिऱ्यावर सरजाकाकू भेटली तर तिच्याकडं बघायचं कसं?

सकाळच्या एस.टी.नं शिवकांता उदगीरहून आली. आपली वही दाखवायला आली होती. सिंधुनं तिला फाट्यावरच गाठलं.

"ही वही घेऊन तू परत जा. आत्ताच."

"अगं, झालं काय?"

सिंधुनं थोडक्यात सांगितलं. शिवकांताचा चेहरा उतरला. "माझ्या अप्पाला कळलं तर माझं कॉलेज बंद होईल," ती म्हणाली. पण वही तिनं ओढणीखाली घेतली आणि त्याच गाडीनं, उलट फेरीला, उदगीरला गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत सिंधु मोटारसायकलचा आवाज येतो का ते ऐकत उभी होती.

दुपारी ग्यानोबा रिकाम्या हातानं साहेबरावाकडं गेला. "वही कॉलेजात गेली, मालक," एवढंच त्यानं सांगितलं. साहेबराव रागावला नाही. "बरं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावर ग्यानोबाचं नाव पुकारलं गेलं नाही. टँकर आला, बाया दहा पावलांवर घागरी मांडून बसल्या, पण कुणी शेंदून ओतलं नाही. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं, घागरी तशाच राहिल्या. पुढच्या फेरीलाही तेच. झिऱ्याला आता दिवसाला चार घागरीच पाणी सुटत होतं. ज्या बाया सिंधुला लहानपणी कडेवर घेऊन हिंडल्या होत्या त्या तिच्या अंगावर ओरडल्या, "तुझ्या वहीपायी लेकरं तानेनं मरायची वेळ आली. शिकलीस ते आमाला मारायला?"

त्या खोटं बोलत नव्हत्या.

चौथ्या दिवशी ग्यानोबानं डोक्याला पटका गुंडाळला. "चल मपल्यासंगं," तो सिंधुला म्हणाला. तो थेट सरजाकाकूच्या दारात जाऊन जमिनीवर बसला. काकू शेणी मोडत होती. ग्यानोबानं सगळं सांगितलं. सिंधु खाली मान घालून उभी होती. काकू ओरडेल, दगड उचलेल, असं तिला वाटत होतं.

काकूनं हातातली शेणी मोडली आणि विचारलं, "कशाची भाकर होती?"

"काय?"

"तू आणायला गेलतास ती. मिलोची का गावरान ज्वारीची?"

ग्यानोबाला समजेना. "गावरान होती. पांढरी."

"आमी रेशनची लाल मिलो खात होतो," काकू म्हणाली. "तीबी अर्धपोटी." तिनं हात झटकले आणि सिंधुकडं पाहिलं. "लिहिलंस का हे? लिही. ह्याचं बी नाव लिही." मग ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

घरी येताना ग्यानोबा म्हणाला, "मपलं नाव वाच. त्याचं वाचायचं का न्हाई, ते तू बघ."

उदगीरला जाऊन सिंधुनं उरलेलं लिहिलं आणि अहवाल पंचाक्षरी सरांना दाखवला. सर वाचत गेले तसे खुर्चीत मागं सरकत गेले. शेवटी त्यांनी खोलीचं दार पुढं लोटलं.

"नावं गाळ," ते हळू आवाजात बोलले. "'एक मुकादम', 'एक मजूर' असं लिही."

"सर, नाव नसलं की नुसती गोष्ट होते, असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणालो होतो. तेव्हा असं काही येईल असं वाटलं नव्हतं. तुझ्या घरच्यांचं काय होईल? आणि माझं?" त्यांनी डोळे पुसले. भला माणूस होता. मग ते म्हणाले, "मी अडवणार नाही. पण मी सांगितलं होतं असं म्हणू नकोस."

लातूरच्या शिबिरात सिंधुचा नंबर जेवणाआधी आला. मंडपात पंखे होते तरी तिचा पदर घामानं भिजला. शिवकांता पहिल्या रांगेत ओढणीचं टोक चावत बसली होती. सिंधुनं आधी विहिरीवरच्या दहा पावलांचं वाचलं. मग सरजाबाई पंढरी सोनकांबळे, वय साठ, यांचा जबाब वाचला. मग ग्यानोबा सोनकांबळे यांचा, आणि "हे माझे वडील आहेत" असं सांगितलं. मुकादमाच्या नावाशी आल्यावर तिनं 'तेव्हाचा मुकादम' असं वाचलं. लिहिलं होतं नाव, पण जिभेवर आलं नाही.

वाचून झाल्यावर टाळ्या पडल्या नाहीत. समोर बसलेल्या एका अधिकाऱ्यानं विचारलं, "हा मुकादम आता कुठं असतो?"

सिंधुला वाटलं, आता न बोलता बसता येईल.

"आमच्या गावचे सरपंच आहेत," ती म्हणाली. "साहेबराव."

त्यानंतरचे पंधरा दिवस तिनं उदगीरच्या मुलींच्या वसतिगृहात काढले. फाटकापाशी कुणाची मोटारसायकल थांबली की तिच्या हातातला घास तसाच राहायचा. घरचा निरोप येत नव्हता, आणि निरोप येईल याचीही तिला धास्ती होती.

शेवटी शिबिरातल्या त्या अधिकाऱ्याच्या हुकमावरून नायब तहसीलदारांची जीप खडकवाडीला गेली. दोन पोलीस विहिरीवर उभे राहिले आणि वस्तीतल्या बायांनी पहिल्यांदा कठड्यावर चढून आपल्या हातानं पाणी शेंदलं. सुमनबाई सांगत होती की दोर हातात घेतल्यावर तिला चक्कर आली, कारण पाठीमागं कोण उभं आहे ते बघायचं धाडस होत नव्हतं. पोलीस दोन दिवसांनी गेले. बायांनी शेंदणं सोडलं नाही, मात्र कुणी एकटी जात नव्हती. सहाजणी मिळूनच जायच्या.

ग्यानोबाला गावात काम मिळालं नाही ते नाहीच. तो नायगावकडं खडी केंद्रावर गेला. सिंधु घरी यायची ती गावच्या थांब्यावर न उतरता अलीकडच्या फाट्यावर उतरून रानातून यायची. सुमनबाईनंच तसं बजावलं होतं.

पंढरीच्या मरणाचं काय झालं, हे विचारायला सरजाकाकू सिंधुला घेऊन उदगीरच्या कचेरीत गेली. कारकुनानं दोन कपाटं उघडली, बंद केली. "बाई, त्या वक्ताला हा जिल्हाच नव्हता," तो म्हणाला. "जुने कागद उस्मानाबादला राहिले. असले तर तिथं असतील."

दोघी बाहेर आल्या. काकू घरून निघाल्यापासून सिंधुच्या बापाविषयी एक शब्द बोलली नव्हती. आताही बोलली नाही. तिनं लुगड्याचा पदर घट्ट खोचला.

"उस्मानाबादची गाडी कुठं लागती?"

"काकू, तिथं आपलं कुणी नाही. आणि साहेबरावाला कळलं तर..."

"कळणारच हाय," काकू म्हणाली. "मला भ्या वाटत न्हाई असं न्हाई, पोरी. बघ, हात बघ मपला." तिचा हात खरंच कापत होता. "पर मला वाचता येत न्हाई. तू पायजेस."

सिंधुनं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. मग काकूचा हात धरून ती स्टँडकडं चालू लागली.