नावाची बाजू

मी माइक बोलतोय. हसू नका. आजवर सगळे माझ्यात बोलले, मला कुणी बोलू दिलं नाही. राग शांत झाला की सांगेन असं ठरवलं होतं, पण तो काही शांत व्हायचं नाव घेत नाही, म्हणून रागातच सांगतो.

माझं पूर्ण नाव कंडेन्सर माइक. स्टेजवर गाणारे ज्याला मुठीत धरून ओठांशी नेतात, तो माझा दांडगट चुलतभाऊ. त्याला पाडा, फिरवा, गोंगाटात न्या, त्याचं काही बिघडत नाही. मी तसा नाही. माझ्या पोटात कागदाहून पातळ असा एक पडदा आहे. समोर कुणी नुसता सुस्कारा सोडला तरी तो थरथरतो. मला चालायला बाहेरून थोडी वीज लागते, ती एका छोट्या डबीतून येते. आणि मला एक तोंड आहे, एक पाठ आहे. तोंड कुठलं ते कळावं म्हणून त्या बाजूला कंपनीचं नाव लिहितात. नाव दिसेल तिकडून बोलायचं. पाठीमागचं मला जेमतेम ऐकू येतं. मला मुद्दाम तसंच घडवलंय. एवढं एक ज्याने लक्षात ठेवायला हवं होतं त्याने ठेवलं नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

कारखान्यात एका बाईने भिंगाखाली श्वास रोखून माझा पडदा बसवला. मग कानाला हेडफोन लावून माझ्यासमोर ‘एक, दोन, तीन’ म्हणाली, मान डोलावली आणि मला खोक्यात ठेवलं. नंतर कितीतरी दिवस मी एका वाद्यांच्या दुकानात फळीवर होतो.

तिथे आमचे मालक आले. ते तीस वर्षं रंगाच्या दुकानात गल्ल्यामागे होते. निवृत्त झाले, पण दुकान काही अंगातून गेलं नाही. बायकोसाठी माइक घ्यायचा होता, बजेट बेताचं होतं, आणि त्यासाठी तीन आठवडे त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघितले होते. तीन आठवडे बघून माणूस शहाणा होतो असं नाही. तो नुसता ठाम होतो.

दुकानातल्या मुलीने नीट विचारलं होतं. घर शांत आहे का, खोलीत पडदे, गाद्या आहेत का, पंखा बंद ठेवता येईल का. आवाज घुमणाऱ्या खोलीत कंडेन्सर घेतलात तर तो भिंतींचाही आवाज घेईल, त्यापेक्षा साधा घ्या आणि उरलेल्या पैशांत दोन जाड पडदे लावा, असंही म्हणाली. मालकांना वाटलं, ही आपल्या घराला नावं ठेवतेय. त्यांनी तीन माइक समोर मांडायला लावले आणि कुणाबरोबर काय फुकट मिळतं ते विचारलं. माझ्याबरोबर स्टँड, तोंडापुढची जाळी आणि स्पंजाची टोपी फुकट होती. झाली निवड. माझ्या आवाजाबद्दल एक प्रश्न नाही. मुलगी म्हणाली, “काका, याला बोलायची एक बाजू असते, पुस्तिकेत दिलंय.” मालक म्हणाले, “माहितीये गं.” पुस्तिका अजून खोक्यात आहे, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.

घरी आमच्या बाई, म्हणजे मालकांच्या पत्नी, वाट बघत होत्या. त्या बावीस वर्षं बस स्थानकावर उद्घोषणा करत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाचं मूल हरवलंय, कुणाची पिशवी सापडलीय, सगळं त्यांच्या आवाजात. मग एक दिवस तिथे यंत्र आलं आणि बाईंना हारतुऱ्यासकट घरी पाठवलं. त्या वर्षभर गप्प गप्प होत्या म्हणे. आता एक संस्था ऐकायची पुस्तकं काढत होती, त्यांना घरून वाचून देणारे आवाज हवे होते. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत नमुना पाठवायचा होता. बाईंना हे काम मनापासून हवं होतं. खोकं उघडताना त्यांचे हात किती सांभाळून चालत होते ते मी अनुभवलंय.

आणि मग मालकांनी मला स्टँडवर चढवलं. नाव बाहेर, पाठ बाईंकडे.

का? कारण रंगाच्या दुकानात तीस वर्षं डबे असेच लावले. नाव गिऱ्हाइकाकडे. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बघा, साखरेच्या डब्यापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळं नाव बाहेर करून कवायतीला उभं आहे. नाव स्वतःकडे करून वस्तू ठेवणं त्यांच्या हाताला जमतच नाही. बाईंनाही काही वावगं वाटलं नाही. स्थानकावरच्या त्यांच्या माइकची पाटी बावीस वर्षं काचेपलीकडच्या प्रवाशांकडेच होती. दोघं आपापल्या जागी बरोबर, आणि मी मध्ये उलटा.

पहिल्या दिवशी तर मालकांनी मला मेलेला ठरवलं. डबीवरचं विजेचं बटणच दाबलेलं नव्हतं. बाईंनी ते शोधून दाबलं तेव्हा म्हणाले, “हेच बघत होतो मी.”

मग दुपारी वाचन सुरू झालं. बाई माझ्या पाठीशी बसून वाचायच्या. मालक समोर, म्हणजे माझ्या अगदी तोंडापाशी, खुर्ची टाकून देखरेख करायचे. आता सांगा, मी काय ऐकणार? मला मालकांचं नाक ऐकू यायचं. त्यांची दाढ शेंगदाणे फोडायची ते ऐकू यायचं. समोरच्या भिंतीवरून परतणारा पंख्याचा घरघराट यायचा. आणि या सगळ्यामागे, विहिरीच्या तळातून यावा तसा, बाईंचा आवाज. तो मिळवायला मी जिवाचं रान केलं. पण पाठीला कान फुटत नाहीत. वरून मालक हाताने खुणा करत म्हणायचे, “जरा जोरात.” हे ‘जरा जोरात’ मात्र घंटेसारखं स्वच्छ उमटायचं.

पहिला नमुना गेला, परत आला. आवाज फार लांबून येतो, असं संस्थेने कळवलं. दुसरा गेला, तोही परत आला. आवाजात जोर नाही, जमलं तर शुक्रवारपर्यंत शेवटचा प्रयत्न करा.

त्यानंतर बाई बदलल्या. सकाळी वाफ घ्यायला लागल्या, दिवसभर कोमट पाणी प्यायला लागल्या. बहिणीचा फोन आला तर घसा राखायचा म्हणून दोन शब्दांत ठेवून द्यायला लागल्या. जेवायला वाढतानाही खुणेने विचारायच्या. एक बाई स्वतःच्या घरात मुकी होत होती आणि चूक फक्त कुणीतरी मला अर्धा फेरा फिरवण्याएवढी होती. मला हात नाहीत याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

एकदा त्यांनी विचारलं, माझंच काही बिघडलंय का हो? मालक म्हणाले, छे, माइकच भंगार निघाला. मी भंगार! तरीही तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं होतं, की निदान दोष बाईंना देत नाहीत. तिसऱ्यांदा वाचून बाई दूध बघायला आत गेल्या आणि मालकांच्या भावाचा फोन आला. रेकॉर्डिंग बंद करायचं ते विसरले. ते काय बोलले ते मी ऐकलं, आणि मग मला बरं वाटायचं थांबलं.

तो नमुना पाठवलाच नाही. बाईंनी स्वतःच सांगितलं, नको. मालकांनी मला विकायला काढलं. ‘नवा कोरा, आवाज किंचित कमी, स्टँड फुकट’ अशी जाहिरात केली. फुकटची सवय त्यांची सुटत नाही.

शुक्रवारी दुपारी एक बालवाडीच्या बाई मला बघायला आल्या. वर्गासाठी गोष्टी सांगून ठेवायच्या होत्या, बजेट कमी होतं. आपण त्यांना टीचर म्हणू. टीचर म्हणाल्या, याच्यावर काही रेकॉर्ड केलेलं असेल तर ऐकवता का? मालकांनी शेवटचा नमुना लावला. ते कधीच कुठली गोष्ट शेवटपर्यंत ऐकत नाहीत, त्यामुळे त्या नमुन्याच्या शेवटी काय आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. वाचन ऐकवून ते उठले आणि स्टँडच्या पट्ट्या दाखवायला लागले. बाई चहा घेऊन बाहेर आल्या. नमुना चालूच होता.

आणि मालकांचा आवाज खोलीभर पसरला. इतका स्वच्छ, की जणू शेजारी बसून बोलताहेत. “अरे नाही, माइक चांगला आहे. आवाज हिचाच गेलाय. वय झालं आता. तिला कसं सांगणार? मी म्हणतो माइक खराब, तेवढंच तिचं समाधान. दोन-चार दिवस रडेल, मग विसरेल. तसंही त्या वाचनाबिचनाचं काही खरं नाही.”

मालक बंद करायला धावले. बाईंनी कप खाली ठेवला.

“चालू राहू द्या,” त्या म्हणाल्या.

सगळं ऐकलं. भावाच्या गुडघ्याची चौकशी, टोमॅटोचे भाव, फोन ठेवल्यावरचा सुस्कारा, सगळं. मी एक शब्द गाळला नव्हता. हो, मला आनंद झाला, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

टीचर बिचाऱ्या कुठे बघावं ते न कळून माझ्याकडेच बघत राहिल्या. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी मालकांना विचारलं, हे बोलताना तुम्ही कुठे होतात? मालकांनी खुर्ची दाखवली. बाईंना विचारलं, तुम्ही वाचायला कुठे बसता? बाईंनी पलीकडची जागा दाखवली. टीचर उठल्या, दोन बोटांनी स्टँडचा स्क्रू सैल केला आणि मला फिरवलं.

पहिल्यांदा मी बाईंना समोरून बघितलं. टीचरनी पंखा बंद केला, हेडफोन बाईंच्या कानाला लावले आणि म्हणाल्या, आता वाचा.

बाईंनी दोन ओळी वाचल्या. काय सांगू तुम्हाला! भारदस्त, उबदार, एकेक अक्षर घासूनपुसून ठेवलेलं. बावीस वर्षं हजारो माणसांना योग्य गाडीत बसवणारा आवाज. तो कुठेही गेला नव्हता. बाई स्वतःलाच ऐकत थांबल्या, मग त्यांनी हेडफोन काढून मालकांच्या हातात दिले.

मालकांनी ऐकलं. चेहरा खुलला. “बघ, मी म्हटलंच होतं...”

“तुम्ही काय म्हटलंत ते आत्ताच ऐकलं आम्ही,” बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. मग त्यांनी मालकांची खुर्ची उचलली, बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवली आणि दार लावून घेतलं.

टीचर मला न घेताच गेल्या. जाताना बाईंना विचारलं, मग मी कुठला घेऊ? बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं, मला आहे, आणि आता सांगूनच टाकतो. आधी आपल्या खोलीत टाळी वाजवून बघा. ती घुमली तर पैसे आधी पडद्यांवर घाला. फुकट काय मिळतं ते विचारू नका, स्वतःच्या आवाजात दोन वाक्यं बोलून बघता येतील का ते विचारा. तीन आठवडे व्हिडिओ बघण्यापेक्षा तीन मिनिटं पुस्तिका वाचा. आणि माणसाचा आवाज गेला असं म्हणण्याआधी, मेहेरबानी करून, आपण मला कसं उभं केलंय ते तपासा. बिघडलेली वस्तू बदलता येते हो. आपला आवाज गेला असं एकदा मनात बसलं की माणूस बोलायचाच थांबतो. मी ते अगदी जवळून बघितलंय, म्हणजे पाठीने ऐकलंय.

त्या दिवशी संध्याकाळी पाचला नमुना गेला. तीनदा वाचावा लागला, कारण पहिल्या दोन वेळा बाईंचा आवाज रागाने कापत होता.

सोमवारी संस्थेचं उत्तर आलं. पुस्तक देत होते, तीनशे पानांचं. शेवटी एक ओळ होती, इतका चांगला आवाज आधीच का नाही पाठवलात? मालक दारातून म्हणाले, थांब, मी नीट लिहून देतो, तांत्रिक अडचण होती असं लिहू. बाई म्हणाल्या, माझं मी लिहिते.

त्यांनी लिहिताना मोठ्याने म्हटलं, म्हणून मला कळलं. एकच वाक्य होतं.

“आधीही हाच होता.”