नव्व्याण्णव गाड्यांची चौकशी

दोंडाईच्याच्या डाकबंगल्यामागे एक सरकारी मोटार तीन वर्षे उभी होती. आत दोन पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी. ज्या साहेबांच्या दौऱ्यांसाठी ती आली त्यांची बदली झाली. मोटारीची करायची राहिली. ड्रायव्हर मात्र रोज येऊन ती पुसत असे.

गावातल्या झुलालच्या बायकोला, भिकुबाईला, दिवस गेले. आधीची दोन्ही मुले धुळ्याच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच दगावली होती, म्हणून झुलालने तिला न्यायला ती मोटार मागणारा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिला: 'आठे गाडी एकशे. बाळंतीनले धुळाले लई जावाले द्या.' आमच्याकडे 'इथे'ला 'आठे' आणि 'आहे'ला 'शे' म्हणतात, आणि झुलाल दोन शब्दांत जागा सोडत नसे.

वरच्या कचेरीने 'एकशे' म्हणजे शंभर वाचले. भिकुबाईच्या नवव्या महिन्यात चौकशी अधिकारी आले. त्यांनी गाड्या मोजल्या, एक भरली. उरलेल्या नव्व्याण्णव सापडेपर्यंत त्या एकीला सील ठोकले.

त्याच आठवड्यात कळा सुरू झाल्या. झुलाल सील पाहून परत आला आणि त्याने बैल जुंपले. वाटेतल्या चिमठाण्याच्या पुढे घाई करण्याचे कारण उरले नाही.

तेराव्यानंतर त्याचा जबाब झाला.

"भाऊ, खरं सांगा, बाकीच्या गाड्या कुठे गेल्या?"

"साहेब, एकच व्हती."

"कशावरून?"

"मनी भिकू बी एकच व्हती."

अधिकाऱ्यांनी 'एक' लिहिले आणि पुढे कोणी काही जोडू नये म्हणून रेघ मारली.