घड्याळजींच्या खिडकीतली कुंडी

मित्रांनो, नाक मुरडलंत तरी मला राग येणार नाही. मी एक जुनी, पसरट, मातीची कुंडी आहे आणि गेला हिवाळा आठवला की माझं मलाच ओकारीसारखं होतं.

कुंभाराने मला चाकावर घडवलं, तळाला तीन भोकं पाडली आणि भट्टीत भाजून काढलं. त्यानंतरची अकरा वर्षं मी एका घड्याळजींच्या घरी काढली. खाली त्यांचं दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, माझ्यात सक्युलंट लावली होती. जाड पानांची ही झाडं पाणी आपल्या पानांतच साठवून ठेवतात. थंडीत तर काकू महिन्यातून एकदाच पाणी देत. आल्यागेल्याने त्या हिरव्या-जांभळ्या पानांचं कौतुक केलं की मी उगाच मिरवायचे.

मग थंडीच्या तोंडावर काकू जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून त्यांना बहिणीकडे न्यावं लागलं, कारण जिना चढणं शक्यच नव्हतं. झाडं घड्याळजींच्या गळ्यात पडली.

माणूस काट्यावर चालणारा. रोज सकाळी सातच्या ठोक्याला पेलाभर पाणी आणि वर उरलेला चहा, चोथ्यासकट. खिडकीचं लाकूड भिजू नये म्हणून त्यांनी माझ्याखाली प्लास्टिकचं खोलगट ताट सरकवलं. पाणी त्यात साचलं आणि माझी तिन्ही भोकं बुडाली. पानं आधी काचेसारखी झाली, मग काळी, मग बुळबुळीत. चहाच्या चोथ्यावर बुरशीची लव आली. ताटात अळ्या वळवळायला लागल्या. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण पांढरा कापूस पसरून बसले आणि आतली मुळं कुजून घाण सुटली. शी! ती घाण माझ्या पोटात होती, मित्रांनो. मी पळणार तरी कुठे?

एक पान गळलं की घड्याळजी दुसरा पेला ओतत. मातीला मात्र त्यांनी कधी बोट लावलं नाही. घड्याळाच्या नाजूक चाकांचे हात ते, मळले तर कसं चालेल? फोनवर काकूंना सांगत, झाडं अगदी मजेत आहेत. ते ऐकून मला अळ्यांपेक्षाही त्या माणसाची शिसारी यायची.

वसंत लागला आणि काकू वॉकर टेकत, एकेक पायरी चढत घरी आल्या. खिडकीपाशी येताच त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"एक दिवससुद्धा चुकवला नाही गं," घड्याळजी मान खाली घालून म्हणाले. "रोज पाणी घातलं."

 काकूंनी विचारलं, "अहो, एकदा तरी माती चाचपून बघितलीत का?"

 काकू खुर्चीत बसल्या आणि त्यांनी एकेक काम सांगायला सुरुवात केली. घड्याळजींनी मला जुन्या वर्तमानपत्रावर पालथं केलं. काळा, दुर्गंधी सुटलेला लगदा भसकन बाहेर आला. ते दोनदा मोरीकडे धावले, पण परत आले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी घड्याळाच्या चिमट्याने एकेक ढेकूण वेचला आणि स्पिरिटच्या बोळ्याने पानं पुसली. सगळ्या राड्यातून सात धड पानं आणि एक शेंडा निघाला. मला उकळत्या पाण्याने धुतलं, उन्हात वाळवलं, माझ्यात कोरडी भुरभुरीत माती भरली. पानांची आणि शेंड्याची तुटलेली टोकं सुकू दिली आणि मग ती नुसती मातीवर ठेवली.

तीन आठवड्यांनी एका सकाळी घड्याळजींनी काकूंना हाक मारली. पाच पानांना गुलाबी मुळं फुटली होती आणि प्रत्येकाच्या टोकाला मोहरीएवढं नवं झाड बसलं होतं. दोघं ऊन येईपर्यंत नुसती बघत राहिली. मलाही आत किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

परवा काकू म्हणाल्या, आता पाणी द्यायला हरकत नाही. घड्याळजींनी पेरभर बोट मातीत खुपसलं. नखात माती घेऊन म्हणाले, "अजून ओल आहे. दोन दिवसांनी बघू."

मित्रांनो, लांबून माया ओतणाऱ्यांचा मला अजूनही तिटकारा आहे. ज्याला जपायचं, त्याला आधी हात लावून बघा. हात मळले तर धुता येतात.