शकुनबाईचं मरण इंग्रजीत

रुखमिणीने आपल्या आईला कागदावर बारा वर्षं आधीच मारून टाकलं होतं.

खरी शकुनबाई गेली ती गेल्या माघात, भंडाऱ्याला, ऑपरेशनच्या टेबलावर, लेक डॉक्टर असताना. कागदावरची शकुनबाई गेली ती लेक सोळा वर्षांची असताना, बैलगाडीत. नाल्याला पूर, पंचक्रोशीत डॉक्टर नाही, आणि आईचा गार होत चाललेला हात धरून लेक शपथ घेते की मी डॉक्टर होईन. इंग्रजीत सव्वा पान झालं होतं.

अमेरिकेतल्या इस्पितळांत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे वरिष्ठांच्या हाताखालच्या तीन वर्षांच्या शिक्षणासाठी, अर्ज करायचा तर असं एक निवेदन जोडावं लागे. तुम्ही कोण, डॉक्टर का झालात, आमच्याकडे कशाला येता. रुखमिणीने दोन वर्षं ते सरळ लिहिलं होतं. जन्म, शाळा, नागपूरचं कॉलेज, पवनीकडच्या आरोग्य केंद्रातली नोकरी. दोन्ही वर्षं कुठूनही बोलावणं आलं नाही. तिकडे जाण्यासाठी दिलेल्या परीक्षेचं सर्टिफिकेट आता यंदापुरतंच चालणार होतं. वर्गमैत्रीण ललिता तिकडे पोचली होती. तिने कळवलं, "तुझे मार्क बेताचे, आणि निवेदन रेशनकार्डासारखं. इथे लोकांना गोष्ट लागते. थोडं रंगव. पकडली जाशील इतकं नको, पण कोरडंही नको."

रंगवायला बसल्यावर रुखमिणीचा हात थांबला नव्हता. आणि लिहून झाल्यावर तिला त्या सव्वा पानाची सवय लागली. केंद्रातून क्वार्टरवर आली की हातपाय धुवायच्या आधी ती ते वाची. त्यात ती सोळा वर्षांची होती. तिला काहीच करता येण्यासारखं नव्हतं.

शिफारसपत्र डॉक्टर मारोतरावांचं घ्यायचं होतं. नुकतेच निवृत्त झालेले सर्जन, शकुनबाईचं पोट त्यांनीच उघडलं होतं. पाकीट आज चारच्या आत रजिस्टर टपालाने गेलं नाही तर तारीख चुकणार होती. म्हणून ती सकाळच्या एस.टी.ने भंडाऱ्याला आली, दुपारी ते घरी परतेपर्यंत त्यांच्या ओट्यावर थांबली. घाईत सर नुसती सही करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि निवेदन डोळ्यांजवळ धरून शेवटपर्यंत वाचलं.

"झाडीपट्टीच्या नाटकातली माय अशी मरते," ते म्हणाले. "दुसऱ्या अंकात. गाणं म्हणून."

"तिकडे असंच लागतं, सर."

"लागत असन. पण माह्या पत्रात तुही माय माघात मेली. दोन्ही कागद एकाच पाकिटात जातीन. एका बाईले किती वेळा मारशीन?"

त्यांनी आपलं पत्र पुढे केलं. लेकीला त्रास नको म्हणून आईने दुखणं लपवलं, असं त्यात होतं. कळल्याबरोबर लेकीने स्वतः जीपमधून आणलं, ऑपरेशनभर समोर उभी राहिली, चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. रुखमिणीने पत्र दोनदा वाचलं.

"हेही खरं नाही, सर."

"काय खरं नाही?"

"तिने लपवलं नव्हतं. मला सांगितलं होतं."

मारोतरावांनी पेनाला टोपण लावलं. "कधी?"

"मंगळवारी सकाळी."

"काय म्हणे?"

"बेंबीजवळ दुखते. जेवावंसं वाटत नाही."

"मंग?"

"गोळी दिली. बुधवारी सकाळी म्हणाली, उजवीकडे सरकलं."

अपेंडिक्सच्या धड्यात हे वाक्य जसंच्या तसं असतं. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही ते ऐकून ताठ बसतो.  वॉर्डात विचारावं तसं मारोतरावांनी विचारलं, "ताप?"

"पाहिला नाही."

"पोटाले हात लावला?"

"नाही."

"काहून?"

"केंद्रात कुटुंबनियोजनाचं शिबिर होतं. मार्चच्या आत टारगेट पुरं करायचं होतं. दोन दिवसांत छप्पन बायांची पोटं तपासली मी, सर. घरातून निघताना ती दारात उभी राहून सांगत होती. मी चपला घालत होते."

आत कोणीतरी भांडी लावत होतं. 

"अन् आता?" मारोतरावांनी विचारलं.

"आता कोणाच्याच पोटाला हात लावत नाही. पोट दुखते म्हटलं की चिठ्ठी लिहिते, भंडाऱ्याला पाठवते."

"म्हणून तं. दवाखान्यातले पोट्टे सांगत होते, त्या केंद्रातून सारा गाव पोट धरून येते. मले वाटे तिथली विहीर खराब झाली." ते हसले नाहीत. "अमेरिकेत जाऊन काय बदलन?"

"तीन वर्षं माझ्या मागे कोणीतरी उभं असेल. मी हात ठेवला की त्यावर आपला हात ठेवून सांगेल, बरोबर आहे, नाहीतर चूक आहे. केंद्रात माझ्या मागे भिंत आहे, सर. हे झालं नाही तर मला डॉक्टरकी सोडावी लागेल. दुसरं काही मला येत नाही."

"हे लिहिशीन तं घेणार नाहीत तुले."

"माहीत आहे."

"अन् बैलगाडी लिहिशीन तं घेतीन बी कदाचित."

"मग काय करू?"

"मले नको विचारू. मी पोट उघडून पाहणारा माणूस. आधी सांगणं मले जमत नाही." त्यांनी आपल्या पत्रातली लपवल्याची ओळ खोडली, बाजूला सही केली आणि पत्र तिच्या हातात दिलं. "तीन वाजून गेले, जाय."

कोर्टासमोर भोजराज टाइपिस्ट बसायचा. सातबाऱ्यापासून सोडचिठ्ठीपर्यंत सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं त्याच्या यंत्रातून निघत. रुखमिणीने बैलगाडीचं सव्वा पान दुमडून पर्समध्ये टाकलं आणि उभ्याउभ्या इंग्रजीत सांगू लागली. माझी आई चौपन्न वर्षांची होती. दोन सकाळी तिने मला दुखणं सांगितलं. मी डॉक्टर होते. मी तिला तपासलं नाही.

भोजराजची बोटं थांबली. त्याने वर पाहिलं नाही. "मॅडम, मधात 'माझ्या माहितीप्रमाणे' टाकू काय? कोर्टात सारेच टाकतेत. उद्या अंगावर येत नाही."

"नको. पुढे घ्या."

बाकी सगळं तिने न अडखळता सांगितलं. शिबिर, छप्पन बाया, चिठ्ठ्या, मागची भिंत. इंग्रजीत ते सोपं जात होतं. दुसऱ्याच कोणाच्या केसपेपरवरून वाचावं तसं.

बाजूच्या बाकावर देवकाबाई नावाची म्हातारी वारसाच्या कागदासाठी नंबर लावून बसली होती. तिने रुखमिणीकडे बराच वेळ पाहिलं. "काय लिहून राहिली वं माय? येवढं लांबलचक?"

भोजराज म्हणाला, "बसा नं आजी, मॅडमचं काम हाये."

पण रुखमिणी वळली. "माही माय मले सांगत होती पोट दुखते म्हणून," ती म्हणाली. "दोन डाव सांगितलं. मी पाहिलं नाही. मेली ते."

हे ती या बोलीत पहिल्यांदा म्हणत होती. म्हणून झाल्यावर ती बाकाच्या कडेवर बसली. देवकाबाईने जागा करून दिली, पण पाठीवर हात वगैरे ठेवला नाही.

"दोन डाव सांगितलं म्हणते," म्हातारी विचार करून म्हणाली, "म्हंजे लयच दुखत असन. आमी बाया एक डाव सांगून गप बसतो."

 रुखमिणीने भोजराजला विचारलं, "जागा उरली का खाली?"

"एक ओळ मावन."

त्याने कागद नीट केला आणि थांबला. तिने ती ओळ आधी मनात मराठीत जुळवली, मग इंग्रजीत सांगितली: माझी आई कोणतीही गोष्ट दोनदा सांगणारी बाई नव्हती. त्याने ती टाइप केली. सहीसाठी रेघ मारायला जागा राहिली नव्हती, म्हणून रुखमिणीने समासात सही केली.

पोस्टाच्या खिडकीवरच्या माणसाने पाकीट वजनावर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं.

"पावती," तो म्हणाला. रुखमिणी तिथेच उभी होती. त्याला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.