वीस नावांची छत्री

आखाडा बाळापूरजवळच्या बंजारा तांड्यावर टीव्ही एकच, तांड्याचा नायक शंकरसिंग याच्या अंगणात. छपरावर उपग्रहाची छत्री. वीस घरांनी मिळून दोन्ही घेतलं होतं आणि वीसही घरं तिथंच बसून बघत.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात करमणूक कराचा निरीक्षक आला, तांब्याभर ताक प्याला आणि म्हणाला, "टीव्ही कोण कोण बघतं?" तांड्यात यादीतून एखादं घर गाळणं म्हणजे त्या घराला वाळीत टाकणं. शंकरसिंगनं वीसही नावं सांगितली. एकटी राहणारी जिवनबाई लेकीकडं गेली होती, तिचंही आठवणीनं घातलं.

महिन्याभरात नोटीस आली. संच वीस, कर वीस संचांचा, न भरल्यास जप्ती.

शंकरसिंगनं तहसील गाठली.

"साहेब, टीव्ही एकच हाय. म्या बघनारे सांगितले व्हते."

कारकून म्हणाला, "मग लिहून द्या, बाकीची एकोणीस घरं टीव्ही बघत नाहीत."

"बघतेत की."

"ते मलाही कळतं हो. लिहायला काय जातं?"

"माझ्या अंगणात बसतेत अन म्या लिहून देऊ, ह्ये इथं येतच न्हाईत?"

ही अडचण कारकुनाच्या कुठल्याच रकान्यात बसेना.

"बरं, छत्रीची कंपनी भरती का कर?" शंकरसिंगनं विचारलं.

"ते प्रकरण कोर्टात आहे. राज्य म्हणतं, करमणूक घरात होते, कर आमचा. कंपनी म्हणते, ती आभाळातून येते आणि आभाळ दिल्लीचं. निकालापर्यंत कंपनीकडच्या वसुलीला स्थगिती."

"अन आमाला?"

"तुम्ही कुठं कोर्टात गेलात?"

आभाळाचा निकाल लागेस्तोवर कंपनी मोकळी, आणि खरं सांगणाऱ्याच्या दारात जप्ती. हिंगोलीच्या वकिलानं फी सांगितली, तेवढ्या पैशात तांड्याला दुसरा टीव्ही आला असता.

नोटिशीतल्या मुदतीच्या दिवशी शंकरसिंगनं गोधडीत गुंडाळलेला टीव्ही कारकुनाच्या टेबलावर ठेवला. मागं जिवनबाई, छत्री कडेवर घेऊन.

"घ्या. करा जप्त."

"अहो, असं स्वतःहून कोणी आणून देतं का?"

"तुमाला तांड्यापर्यंत तकलीफ काहून? नोटिशीत वीस हायत, त्यातला ह्यो एक. बाकीचे एकोणीस तुमी हुडका. सापडले की पाठवून द्या, बाकीच्या घरांना घरटी एक बराबर पुरतो."

"हे बघा नायक, पावती एकाच संचाची मिळेल."

"तेच लिव्हा," शंकरसिंग बाकावर टेकत म्हणाला. "तांड्यावर संच एक. सही-शिक्क्यानिशी."

कारकुनानं पेन उचललं, नोटिशीतलं 'संच वीस' पुन्हा वाचलं आणि पेनाला टोपण परत लावलं.